काचेमागचा मी

अग्लाया रुस्नाक, वय एकेचाळीस,
किशिनाऊच्या सभागृहात पार मागे
कपाटाएवढ्या काचेच्या खोलीत बसते.
कानात एक माणूस बोलतो
आणि तिच्या तोंडून तिच्याच देशाशी बोलतो.
धंद्याचा नियम एकच :
तो ‘मी’ म्हणाला की हिनंही ‘मी’च म्हणायचं.

सोमवारी ती उत्तरेकडच्या श्रीमंत देशाची पंतप्रधान होती.
म्हणाली, संघाचं दार तुमच्यासाठी उघडं आहे,
काही आवश्यक सुधारणा तेवढ्या करून या.
शब्दाला शब्द, काटेकोर.
फक्त ‘सुधारणा’ म्हणताना तिला
उगाच पायपुसणं दिसलं.

मंगळवारी ती मोठ्या शेजाऱ्याचा मंत्री झाली.
निर्णय सर्वस्वी तुमचा, आम्ही कोण सांगणारे,
असं म्हणून चाळीस मिनिटं सांगत राहिली.
हिवाळा. गॅसची नळी.
सफरचंदांचे ट्रक कुठल्या फाटकावर
किती दिवस सडू शकतात.
शेवटी म्हणाली, पण मग थंडीत माझ्याकडे येऊ नका.
बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं
आणि काचेच्या खोलीत तिला घाम फुटलेला.

बुधवारचा महासागर ओलांडून आला होता, घाईत.
त्याचं मत ठाम होतं : सामील होणं ही घोडचूक.
देशाचं नाव मात्र त्यानं भलतंच घेतलं.
तिनं ते गुपचूप बदलून बरोबर केलं.
हे नियमात बसत नाही.
चार दिवसांत ती स्वतःहून बोललेला
तेवढा एकच शब्द.

आणि प्रत्येकाच्या भाषणात येतंच ते,
‘नोई’.
तिच्या भाषेत एवढा एकच शब्द आहे.
मराठीत मी अडखळलो असतो,
विचारलं असतं, साहेब, ‘आम्ही’ की ‘आपण’?
समोर बसलेले आत धरायचे की बाहेर?
तिला विचारायची सोयच नाही.
नोई, म्हणाली ती,
आणि पंचवीस लाख माणसं
त्या शब्दाच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

रात्री आईचा फोन. प्रुतच्या काठावरून.
पारास्कोविया, चौऱ्याहत्तर, कानानं तल्लख.
‘टीव्हीवर ऐकलं तुला.
थंडीत माझ्याकडे येऊ नका म्हणालीस.’
‘मी नाही गं. तो म्हणाला.’
‘आवाज तुझा होता.’
‘आई, ते माझं काम आहे.’
‘आदल्या दिवशी तर दार उघडं म्हणत होतीस.
आज घोडचूक म्हणतेस.
शेजारची अनीसिया विचारत होती,
पोरीची तब्येत बरी आहे ना?’

मग जरा वेळानं,
‘तुझा बाप तिकडे गेला, विटा रचायला.
भाऊ इकडे गेला, इटलीत, परक्यांचे म्हातारे धुवायला.
दोन्हीकडून पैसे आले.
आता तुझ्या स्वतःच्या तोंडानं सांग,
रविवारी शिक्का कुठं मारू?’

अग्लायानं मान किंचित तिरकी केली,
सवयीनं,
आता कुणीतरी वाक्य सुरू करील म्हणून.
कानात काहीच नव्हतं.
पलीकडे आईची बदकं कलकलत होती
आणि एक बादली कुणीतरी ठेवली, किंवा पडली.

‘बरं, राहू दे,’ आई म्हणाली,
‘उद्या आक्रोड वेचायचेत, पाऊस यायच्या आत.
चांगले सगळे नदीकडच्या झाडाखाली पडलेत.
आणि तिथं गेलं की हा मेला फोन
पलीकडच्या टॉवरला चिकटतो,
दर खेपेला म्हणतो, आपलं स्वागत आहे.
पाण्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नसतं मी.’